अर्धी गोळी आणि मेंदूतील आधारपेशी

पत्राचा सारांश

नाशिकमधील एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देत आहे. त्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात. त्यांच्या 29 वर्षांच्या धाकट्या भावाला पाच वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. सुरुवातीला हॅलोपेरिडॉल दिले होते, पण त्याने अंग ताठरू लागले आणि हात थरथरू लागले, म्हणून गेली तीन वर्षे ओलान्झापाइन 15 मिलिग्रॅम चालू आहे. कानात येणारे आवाज थांबले आहेत आणि भाऊ दिंडोरी तालुक्यात मामांच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये हिशेब पाहतो. मात्र त्याचे वजन 14 किलोंनी वाढले आहे. अलीकडे या ताईंनी वाचले की, ही औषधे माकडांना दिल्यावर त्यांच्या मेंदूतील आधारपेशी, म्हणजे ग्लिया, कमी झाल्या. ‘आपण रोज रात्री त्याच्या हातावर गोळी नव्हे, कानस ठेवतो आहोत’ असे त्यांना वाटू लागले. आईशी बोलून त्यांनी तीन आठवड्यांपासून गोळी अर्धी केली आहे. आई पोळपाटावर सुरीने गोळी कापते आणि उरलेला तुकडा हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवते. भावाला किंवा डॉक्टरांना याची कल्पना नाही. आठ दिवसांपासून भाऊ रात्री तीन-चार तासच झोपतो आणि गच्चीवर येरझाऱ्या घालतो. क्वेटियापाइन हे दुसरे औषध मायलिनचे, म्हणजे चेतातंतूंवरील वेष्टनाचे, रक्षण करते असेही त्यांच्या वाचनात आले आहे. म्हणून त्यांचा प्रश्न असा: आधारपेशींना सर्वांत कमी इजा करणारे औषध कोणते, आणि डॉक्टरांकडे त्याचाच आग्रह धरावा का?

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, आणि ते भावाच्या झोपेविषयीचे आहे. पेशींबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याला ‘नेटवरचे वाचू नका’ असे उत्तर देणे मला अप्रामाणिक वाटते. पण आधी झोपेचे पाहू. या आजारात झोप उडणे हे आजार उलटण्याचे पहिले चिन्ह असू शकते. ओलान्झापाइन शरीरातून सावकाश उतरते. त्याची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला साधारण तीस तास लागतात, त्यामुळे मात्रा बदलल्यावर आठवड्याभरात शरीर नव्या, कमी पातळीवर स्थिरावते. भावाची झोप केवळ गुंगी कमी झाल्याने उडाली आहे की आजार डोके वर काढत आहे, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही आणि घरात बसून तुम्हालाही ठरवता येणार नाही. म्हणून उद्या सकाळीच त्याच्या डॉक्टरांना फोन करा. तीन आठवडे अर्धी गोळी दिली आहे हे स्पष्ट सांगा आणि पुढची मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. डॉक्टर भेटत नसतील तर 14416 या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते. आवाज पुन्हा येऊ लागल्याचे जाणवले, भाऊ जेवणाबद्दल संशय घेऊ लागला किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागला, तर फोनची वाट न पाहता त्याच दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा.

आता तुमच्या वाचनाकडे येते. तुम्ही वाचलेला माकडांवरचा अभ्यास खरा आहे, आणि तो काळजीपूर्वक केलेला आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे मकाक जातीच्या अठरा माकडांचे सहा-सहाचे तीन गट केले होते. एका गटाला हॅलोपेरिडॉल, दुसऱ्याला ओलान्झापाइन आणि तिसऱ्याला औषध नसलेली मात्रा 17 ते 27 महिने दिली. औषधाची रक्तातील पातळी माणसांच्या उपचारात असते तेवढीच राखली होती. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेतलेल्या माकडांचे मेंदू वजनाने आणि आकारमानाने 8 ते 11 टक्के कमी भरले. पुढे त्याच मेंदूंच्या पार्श्विका खंडातील करड्या भागातल्या पेशी मोजल्या, तेव्हा चेतापेशींची एकूण संख्या घटलेली नव्हती. घट ग्लियामध्ये होती, आणि त्यातही अ‍ॅस्ट्रोसाइट या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी सुमारे 20 टक्के कमी आढळल्या. मायलिनचे वेष्टन तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींतही थोडी घट दिसली, पण ती योगायोगाची असू शकेल इतकीच होती.

यातील एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली असावी, म्हणून ठळकपणे सांगते. हॅलोपेरिडॉल 1958 मधले, जुन्या पिढीचे औषध आहे आणि ओलान्झापाइन नव्या पिढीचे. तरीही दोन्ही गटांत परिणाम जवळपास सारखाच होता. जुने औषध मेंदूला वाईट आणि नवे चांगले, या समजाला निदान या अभ्यासात आधार मिळत नाही.

शिवाय ही माकडे निरोगी होती. त्यांना शांत करावा असा कोणताही आजार नव्हता. आपल्या घरातील माणसाच्या बाबतीत तुलना ‘औषध घेतलेला मेंदू’ आणि ‘निरोगी मेंदू’ यांच्यात नसते. ती ‘औषध घेतलेला आजारी मेंदू’ आणि ‘औषध न घेतलेला आजारी मेंदू’ यांच्यात असते. तुमच्या पत्रातील सगळी मांडणी अशी आहे की, गोळी थांबली तर आधारपेशी सुखरूप राहतील. या गृहीतकाकडे थोडे थांबून पाहू या. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत मायलिनशी निगडित जनुकांचे काम मंदावलेले आढळल्याचे 2001 पासून प्रसिद्ध होत आले आहे. म्हणजे आधारपेशींची गडबड हा आजाराचाच एक भाग असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या बाजूला, आयोवा येथे 211 रुग्णांचे सरासरी सात वर्षे वारंवार एमआरआय काढले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जास्त औषध घेतलेल्यांच्या मेंदूतील करडा भाग जास्त घटलेला दिसला. त्या संशोधकांनी आजाराची तीव्रता हिशेबात धरली होती, तरी ज्याचा आजार अवघड त्यालाच औषध जास्त लागते, हा गुंता अशा निरीक्षणातून पुरता सुटत नाही.

हा गुंता थोडा सोडवणारा एक प्रयोग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तुमच्यासारख्या प्रत्येक काळजीवाहू माणसाला तो माहीत असावा असे मला मनापासून वाटते. तीव्र नैराश्यासोबत भ्रम असलेले रुग्ण बरे झाल्यावर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाचे ओलान्झापाइन चालू ठेवले आणि दुसऱ्याला त्याजागी औषध नसलेली गोळी दिली. नैराश्यावरचे औषध दोघांनाही चालू होते. 36 आठवड्यांच्या अखेरीस, बरे राहिलेल्यांमध्ये ओलान्झापाइन घेणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी किंचित कमी झालेली आढळली. म्हणजे तुमची शंका निराधार नाही. पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ज्यांचा आजार उलटला, त्यांच्याही बाह्यपटलाची जाडी कमी झालेली होती. औषधाची किंमत असते आणि आजार उलटण्याचीही किंमत असते. तुम्ही फक्त पहिली किंमत हिशेबात धरली.

‘आधारपेशी’ या शब्दानेही थोडी दिशाभूल होते. 1856 च्या सुमारास रुडॉल्फ व्हिर्कोव्ह यांनी या पेशींना ग्लिया म्हटले, तेव्हा त्यांना त्यात चेतापेशींना चिकटवून ठेवणारा डिंकच दिसला होता. तुम्ही शिकवता म्हणून सांगते, ग्लिया चेतापेशींच्या दहापट असतात हे अजून अनेक पुस्तकांत छापलेले वाक्य विद्यार्थ्यांना देऊ नका. 2009 मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी मोजले तेव्हा चेतापेशी सुमारे 86 अब्ज आणि बाकीच्या सर्व पेशी मिळून जवळपास तेवढ्याच भरल्या. अ‍ॅस्ट्रोसाइट चेतापेशींच्या सांध्यात सांडलेले ग्लुटामेट हे रसायन उचलतात, ऑलिगोडेंड्रोसाइट मायलिन गुंडाळतात, आणि मायक्रोग्लिया पहारा देतात व साफसफाई करतात. या प्रत्येकीवर प्रत्येक औषधाचा परिणाम वेगळा दिसतो. इतकेच काय, एकाच औषधाचा परिणाम प्रयोगाच्या पद्धतीनुसार उलटासुलटाही येतो.

मायक्रोग्लियाचेच पाहा. जपानमधील क्युशू विद्यापीठातील संशोधकांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या मायक्रोग्लियांना आधी मुद्दाम चेतवले आणि मग औषधे दिली. तेव्हा रिस्पेरिडोन या नव्या पिढीच्या औषधाने त्यांचा भडका हॅलोपेरिडॉलपेक्षा अधिक शमवला. त्यावरून ही औषधे मेंदूतील दाह कमी करतात अशी आशा निर्माण झाली. पुढे 2015 मध्ये निरोगी उंदरांना आठ आठवडे हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापाइन दिले, तेव्हा त्यांच्या मेंदूतील मायक्रोग्लिया उलट वाढलेल्या आणि चेतवल्यासारख्या दिसल्या. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे असू शकतात: पेटलेल्या पेशीला औषध शांत करते आणि शांत पेशीला ढवळते, असेही असेल. पण यातला कोणताही एक निष्कर्ष उचलून तुमच्या भावाची गोळी ठरवणे योग्य नव्हे.

क्वेटियापाइनबद्दल तुम्ही जे वाचले, ते क्युप्रिझोन नावाच्या रसायनाच्या प्रयोगांवरून आलेले आहे. हे रसायन शरीरातील तांबे पकडून ठेवते. ते खाऊ घातलेल्या उंदरांच्या ऑलिगोडेंड्रोसाइट मरतात आणि मायलिन गळून पडते. अशा उंदरांना क्वेटियापाइन दिले असता मायलिनची हानी कमी झाली, हे खरे आहे. मात्र भावाच्या मेंदूवर कोणी क्युप्रिझोनचा मारा केलेला नाही. उंदरांच्या त्या प्रयोगातून माणसासाठी ‘रक्षक औषध’ हाती आलेले नाही, आणि पंधरा मिलिग्रॅम ओलान्झापाइनवर स्थिर असलेल्या माणसाला केवळ त्या आशेवर दुसऱ्या औषधाकडे नेण्याचा सल्ला मी देणार नाही.

क्लोझापाइन या याच आजारावरच्या आणखी एका औषधाची गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. उंदरांच्या मेंदूत या औषधाने अ‍ॅस्ट्रोसाइटवरील ग्लुटामेट उचलणारी प्रथिने कमी होतात. हे वाक्य सुटे वाचले तर पेशीची हानी झाली असेच वाटेल. पण या आजारात ग्लुटामेटचा एक मार्ग मंद पडलेला असतो असे एक महत्त्वाचे मत आहे. ते बरोबर असेल तर सांध्यात थोडे जास्त ग्लुटामेट शिल्लक राहणे हीच या औषधाची ताकद असू शकेल. पेशीत काहीतरी ‘कमी झाले’ म्हणजे ते ‘बिघडले’ असे प्रत्येक वेळी नसते. छाटलेली द्राक्षवेल आणि वाळलेली द्राक्षवेल दोन्ही लांबून उघड्याच दिसतात, हे दिंडोरीच्या बागेत वावरणाऱ्या तुमच्या भावाला कदाचित आपल्या दोघींपेक्षा चटकन कळेल. माकडांच्या अभ्यासालाही हाच प्रश्न लागू पडतो: अ‍ॅस्ट्रोसाइट मेल्या, की नव्या कमी तयार झाल्या, आणि उरलेल्या आपले काम पुरते करत होत्या का, हे नुसत्या मोजणीवरून कळत नाही. हॅलोपेरिडॉल थांबवल्यावर उंदरांच्या मेंदूचे घटलेले आकारमान पुन्हा भरून आल्याचेही नोंदले गेले आहे.

तेव्हा तुमच्या थेट प्रश्नाला माझे थेट उत्तर असे: आधारपेशींच्या आधारावर या औषधांची क्रमवारी लावता येईल इतका पुरावा आज नाही, आणि ज्या गोष्टींवर ती लावता येते त्या तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. हॅलोपेरिडॉलने तुमच्या भावाचे अंग ताठरले, हे दिसले. ओलान्झापाइनने आवाज थांबले, तो कामाला लागला आणि वजन 14 किलो वाढले, हेही दिसले. माझ्या मते तुमच्या काळजीचे खरे ठिकाण हे वजन आहे. त्याची उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब शेवटचे केव्हा तपासले, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ओलान्झापाइन घेणाऱ्याची ही तपासणी उपचाराच्या सुरुवातीला, मग तीन महिन्यांनी आणि त्यानंतर निदान वर्षाला एकदा व्हायला हवी. कमरेचा घेर तर घरी शिंप्याच्या टेपनेही मोजता येतो. पेशींची मोजणी जिवंत माणसात होत नाही, साखरेची होते, आणि वाढलेल्या साखरेवर व वजनावर उपाय आहेत. वजन रोखण्यासाठी मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध जोडणे, मात्रा सावकाश कमी करून पाहणे किंवा अ‍ॅरिपिप्राझोलसारख्या वजन कमी वाढवणाऱ्या औषधाकडे टप्प्याटप्प्याने जाणे, हे तीनही मार्ग डॉक्टरांशी बोलण्यासारखे आहेत. क्लोझापाइनचा विचार मात्र दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस देऊनही गुण आला नाही तरच होतो. 1975 मध्ये फिनलंडमध्ये त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले, तेव्हापासून त्यासोबत सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. तुमच्या भावाचे आवाज ओलान्झापाइनने थांबलेले असताना त्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्रा कमी करण्याची तुमची इच्छा चुकीची नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. वर्षानुवर्षे बऱ्या असलेल्या माणसाला कमीत कमी पुरेशी मात्रा असावी, ही चांगल्या डॉक्टरांचीही इच्छा असते. चूक पद्धतीत झाली. निम्मी गोळी म्हणजे निम्मा परिणाम असे मेंदूतील गणित नसते. पातळी जितकी खाली जाते, तितका पुढचा प्रत्येक मिलिग्रॅम अधिक जड पडतो, म्हणून कपात लहान पायऱ्यांनी आणि दोन पायऱ्यांत काही आठवडे, कधी काही महिने थांबून करतात. शिवाय सुरीने कापलेले तुकडे सारखे नसतात, त्यामुळे त्याला रोज वेगळीच मात्रा मिळत गेली असणार. 2012 मध्ये 65 चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी 27 टक्क्यांचा आणि औषधाऐवजी नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी 64 टक्क्यांचा आजार उलटला होता. फिनलंडमध्ये 62,250 रुग्णांचा वीस वर्षांपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा औषध घेण्याच्या काळात मृत्यूचे प्रमाण औषध नसलेल्या काळापेक्षा कमी आढळले. मेंदूची जाडी काही टक्क्यांनी कमी-जास्त होण्याच्या चर्चेत हे आकडे विसरले जाऊ नयेत.

कपातीचा काळही निवडावा लागतो. जानेवारी ते मार्च या काढणीच्या दिवसांत पॅकहाउसमध्ये रात्री उशिरापर्यंत काम चालते, माणसे वाढतात, झोप तुटते. असा हंगाम मात्रा उतरवण्याचा नव्हे. माझ्या माहितीतील सिन्नरकडचे एक वडील भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज मुलाच्या झोपेचे तास लिहीत आणि ते कॅलेंडरच गुंडाळी करून दवाखान्यात आणत. सलग तीन दिवस पाचच्या खालचा आकडा आला की फोन करायचा, एवढाच त्यांचा नियम होता. तुम्हीही असेच काही करा. भाऊ सिगारेट किंवा विडी ओढत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्या धुरामुळे ओलान्झापाइन शरीरातून लवकर निघून जाते, आणि ओढणे अचानक सुटले तर त्याच मात्रेत पातळी वाढते. तंबाखू चघळण्याने मात्र असे होत नाही.

आता जे लिहायचे आहे ते थोडे अवघड आहे. तुमच्या संपूर्ण पत्रात भावाचे एकही वाक्य नाही. माकडे आहेत, उंदीर आहेत, आई आहे, तुम्ही आहात. पण त्याला आपल्या गोळीबद्दल काय वाटते हे कुठेच आलेले नाही. तो 29 वर्षांचा आहे, हिशेब सांभाळतो, म्हणजे स्वतःच्या औषधाचा हिशेबही समजू शकतो. ज्या आजारात ‘माझ्या पाठीमागे काहीतरी चालले आहे’ हा संशयच मुख्य यातना असते, त्या आजारातल्या माणसाच्या गोळीत त्याच्या पाठीमागे बदल करणे, हेतू कितीही प्रेमाचा असला तरी, मला फार धोक्याचे वाटते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला आपली उपचारांची कागदपत्रे पाहण्याचा, आपला प्रतिनिधी नेमण्याचा आणि पुढे आजार वाढला तर कोणते उपचार हवेत किंवा नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. वजन त्याला खुपते का, दिवसा गुंगी येते का, आवाज परत येण्याची भीती अधिक वाटते की पोट सुटण्याची, हे त्याला विचारा. औषधाची निवड शेवटी याच उत्तरांवर व्हायला हवी.

त्याला सांगताना आईला पुढे करू नका आणि सारा दोष स्वतःवर ओढून रडूही नका, कारण मग त्यालाच तुमची समजूत घालावी लागेल. डॉक्टरांशी बोलणे झाल्यावर, दिवसाउजेडी, तो निवांत असताना एवढेच सांगा: ‘मी काहीतरी वाचून घाबरले आणि तुला न विचारता तुझी गोळी कमी केली. ते चुकले. डॉक्टरांना सांगितले आहे. पुढचे तुझ्यासमोर ठरवू.’ तो चिडेल. चिडू द्या. आईलाही आधी विश्वासात घ्या, म्हणजे तिचा आणि तुमचा शब्द एकच राहील.

भेटीला जाताना जुनी चिठ्ठी, सध्याच्या गोळ्यांचे पाकीट, मागच्या रक्ततपासण्या असल्यास त्या, आणि हिंगाची ती डबीही सोबत न्या. उरलेले तुकडे फेकू नका आणि पुन्हा वापरूही नका. ते डॉक्टरांसमोर मोजले की तीन आठवड्यांत किती औषध कमी गेले याचा अंदाज येईल.

तुमची,
सल्लागार ताई